नथूच्या नावाची मूठ

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळणं हाच माझ्या स्वभावाचा एक भाग होऊन बसला. श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, घरात नव्याने दळलेल्या गव्हाचा उबदार, किंचित गोडसर वास पसरतो आणि मी चपला पायात सरकवून बाहेर पडतो. पत्नीला वाटतं, पिठाच्या धुरळ्याने मला खोकला येतो. तिचा तो समज मी कधी दुरुस्त केला नाही. आता वय असं झालं आहे की बाहेर पडून फार लांब जाता येत नाही. कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसलो तरी तो वास मागोमाग येतो. तेव्हा लिहूनच टाकावं म्हटलं.

आम्ही मूळचे खानदेशचे, शिरपूरच्या बाजूचे. सुरतेत उधन्याला आलो ते कापडाच्या मागे, आमच्या आधी आलेल्या शेकडो घरांसारखे. गावाकडून आणण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण कानबाई आणली. श्रावणातल्या रविवारी तिला चौरंगावर बसवायचं, रात्रभर बायांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर न्यायची. आमच्या घराण्याची देवी म्हणजे एक नारळ. पणज्याच्याही आधीपासून चालत आलेला, हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला, डोळे रेखलेला, नथ घातलेला. तो आम्ही बुडवत नाही. पाण्यात उतरून त्याला आंघोळ घालायची, पाटावर तळाची थोडी वाळू घ्यायची आणि देवीला घरी परत आणायचं.

आणि रोट. रोटाचे गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घराण्यातली वडील स्त्री एकेका पुरुषाचं नाव घेते आणि सुपात एकेक मूठ टाकते. तान्ह्या मुलाचीही मूठ असते. त्या पिठाची जी पुरणपोळी होते तोच रोट; ते फक्त भाऊबंदांनी खायचं. शेजाऱ्याला, कितीही जिवलग असला तरी, द्यायचं नाही. ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो आपला. लहानपणी मी कान टवकारून बसायचो, माझं नाव येईपर्यंत. नाव आलं, गहू सुपात सांडल्याचा तो बारीक पावसासारखा आवाज झाला, की जीव भांड्यात पडायचा. माझ्या चुलतभावाचं, नथूचं नाव माझ्या लगेच मागून यायचं. तो माझ्याहून थोडा लहान. गावात एकाच घरात वाढलो, सुरतेला त्याला मीच आणलं.

मी एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये रंगमास्तर होतो. नथू तिथेच पंपावर. यंत्रांतून निघालेलं रंगाचं पाणी मागच्या अंगणातल्या मोठ्या टाकीत साठायचं आणि टाकी भरली की नथू वाल्व उघडून ते खाडीत सोडायचा. असं त्या काळात सगळेच करत. उधन्यातली माणसं खाडीचं पाणी बघून सांगायची की यंदा बाजारात कुठला रंग चालला आहे. मोरपंखी, जांभळा, भडक गुलाबी राणी. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नसे, उलट गंमत वाटे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते पाणी इतकं सुंदर दिसायचं, की त्यावर एकही पाखरू उतरत नाही हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली.

तापी लांब पडायची, म्हणून आमच्या बाया कानबाईला खाडीवरच न्यायच्या. पहिल्या वर्षी हिरव्या पाण्याच्या काठावर त्या थबकल्या, नुसतंच पाणी शिंपडून परत आल्या. ते मला लागलं. पुढच्या वर्षापासून मी एक युक्ती केली. कानबाईच्या रविवारी यंत्रं कमी चालवायची, जे पाणी निघेल ते टाकीत कोंडून धरायचं आणि सोमवारी दुपार उलटेपर्यंत वाल्वला हात लावायचा नाही. वरच्या अंगाच्या एकदोन मिलांत आमचेच लोक होते, त्यांनाही मी गळ घातली. आणि खरोखर त्या सकाळी खाडी निवळली. नितळ नाही, पण मातीच्या रंगाची, पाण्यासारखं पाणी. बाया गुडघाभर उतरल्या. मोठीमाय, म्हणजे माझी आणि नथूची थोरली काकू, डोक्यावर देवी घेऊन सगळ्यांच्या पुढे. कुणीतरी काठावरून मला ओरडून म्हणालं, "मास्तर, एक दिवस तरी पानीले सुट्टी दिधी तू," आणि सगळ्या हसल्या. घरी आल्यावर मोठीमायने देवीच्या आधी मला कुंकू लावलं.

त्या कुंकवाची मला चटक लागली. दरवर्षी श्रावण आला की वस्तीत माझं नाव निघायचं. पाणी थांबवणारा मास्तर. वर्षभर तीच खाडी रंगवणाराही मीच, हे कुणी म्हणत नसे. मीही मनात येऊ देत नसे. टाकीवर पहारा देणारा, रविवारभर पातळी बघत फिरणारा, सोमवारी दुपारपर्यंत जेवायलाही न जाणारा नथू होता. त्याला कुणी कुंकू लावलं नाही. त्याने ते कधी मनावर घेतलं असं वाटलं नाही. "तू कपाय पुढे करस भाऊ, मी वाल्व धरस," असं एकदा हसत म्हणाला होता.

मग ते वर्ष आलं. नव्वदीची मधली वर्षं. शहर चहूबाजूंनी फुगत होतं, चिमण्यांच्या धुराने आभाळाची कड कायम मळकी दिसायची. आमच्या शेठना परदेशी खरेदीदार मिळाले होते. राणी रंगाच्या कापडाची मोठी मागणी होती आणि माल बघायला ते स्वतः येणार होते. नेमके कानबाईच्या सोमवारी. शेठ मला म्हणाले, "महेमान आवे छे, मास्तर. बधुं चोख्खुं जोईए." सगळं चोख, स्वच्छ पाहिजे. पाहुण्यांना आधी गाव बघायचं होतं. आमच्यात त्यातल्या त्यात इंग्रजी बोलणारा मी, म्हणून त्यांना हिंडवून दुपारी मिलमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं.

मागणी पुरी करायची म्हणून त्या रविवारी यंत्रं थांबली नाहीत. सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली होती, वरून राणी रंगाची साय ओघळून अंगणात पसरत होती. पहाटेच सोडून दिलं असतं तर बाया येईपर्यंत पाणी वाहून गेलं असतं. पण पहाटे मी घरी होतो, नव्या सफारीला इस्त्री करून घेत होतो. मिलमध्ये पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि मला घ्यायला आलेली पाहुण्यांची गाडी फाटकात उभी होती. शेठची नजर त्या ओघळाकडे गेली, मग माझ्याकडे.

मी नथूला हाक मारली. तो हात पुसत आला, हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आज सोमवार शे. बाया खाडीमा उतरतीन."

मला ठाऊक होतं. त्याने सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण मागे शेठ उभे होते, पाहुणे गाडीची काच खाली करून बघत होते. मी त्याच्याशी हिंदीत बोललो. जन्मापासून ज्याच्याशी अहिराणीखेरीज शब्द बोललो नव्हतो, त्याला म्हणालो, "वाल्व खोल दो. अभी."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, जणू काही मी कुणी दुसराच होतो. मग वाल्वकडे वळला. मी गाडीत बसलो आणि मनाची समजूत घातली: गाणी लांबतील, बायांना उशीर होईल, तोवर निम्मं पाणी पुढे गेलेलं असेल.

पाहुण्यांना मी तापीकाठचा किल्ला दाखवला आणि मग कतारगामकडची ती जुनी इंग्रजांची आणि डचांची थडगी. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, इतकी ती भव्य आहेत; घुमट, कमानी, खांबांच्या ओळी, जणू मेल्यावरही ही माणसं एकमेकांशी चढाओढ करत होती. श्रावणातलं ऊन ढगांतून मधूनच उतरायचं, ओल्या चुन्याचा आणि गवताचा वास यायचा, घुमटात पारवे घुमायचे. पाहुण्यांतल्या एका बाईने दगडावर हात ठेवून विचारलं, ही माणसं इथे कशासाठी आली होती? मी म्हणालो, कापडासाठी. ती हसून म्हणाली, म्हणजे आमच्यासारखीच. मी त्यांना सांगत राहिलो की या शहराचं कापड जगभर जायचं, बंदरात जहाजांची दाटी व्हायची, नदीच्या पाण्यात धुतलेल्या सुताला वेगळीच चमक यायची. शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथे रचलं होतं. कुठे वाचलेलं नव्हतं. नदीच्या पाण्याची स्तुती माझ्या तोंडून निघत होती आणि त्याच वेळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठीमाय खाडीत पाय ठेवत होती.

पुढचं मी पाहिलं नाही. पत्नीने सांगितलं. आधी बायांना पाणी कोमट लागलं. घोट्यांना ऊब लागली तेव्हा कुणीतरी थट्टेने म्हणालं, देवीसाठी मास्तरने पाणी तापवून पाठवलं. मग वरच्या अंगाने तो रंग आला, एकदम, पडदा ओढावा तसा. मोठीमायने नारळ नेमका त्याच वेळी पाण्यात टेकवला होता. ती घाबरून घसरली, पडली, उठली. देवी तिने सोडली नाही. पण देवी वर आली तेव्हा तिचा एक डोळा आणि अर्धा चेहरा राणी रंगाचा झाला होता. ढोल थांबला. बाया तशाच परत निघाल्या.

पाहुणे संध्याकाळी गेले. माल त्यांना पसंत पडला, अंगण स्वच्छ होतं. मी घरी यायला गल्लीत वळलो आणि पायाखाली बघून थांबलो. खाडीपासून आमच्या दारापर्यंत, सगळ्या वाटेवर, अनवाणी पावलं उमटली होती. लहान, मोठी, काही ओढत चाललेली. सगळी राणी रंगाची. दिवाळीत दारात लक्ष्मीची पावलं काढतात तशी ती घराकडे जात होती. ती छटा मी ओळखली. ती मीच सिद्ध केली होती, ती उन्हाने उडणार नाही आणि धुतल्याने जाणार नाही अशी हमी मीच दिली होती. मी पावलं चुकवत, भिंतीच्या कडेकडेने चालत घरी गेलो.

मोठीमायच्या खोलीत सगळे भाऊबंद जमले होते. चौरंगावर देवी होती, राखेने आणि लिंबाने घासून घासून फिकी केलेली. डाग तसाच होता. मोठीमाय भिंतीला टेकून बसली होती, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत रंगलेलं. रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "कोनी सोडं पानी?"

नथू दाराशी उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण वाल्व कुणाच्या हातात असतो हे सगळ्यांना माहीत होतं. नथूने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, दटावणी नव्हती. वाट बघणं होतं फक्त, एखाद्याला आधी दारातून जाऊ द्यावं तसं. मग तो म्हणाला, "मी सोडं, माय."

ते खरंच होतं. जेवढं त्याच्या हाताने केलं तेवढं त्याने सांगितलं, आणि उरलेलं माझ्यासाठी ठेवलं. खोलीत उदबत्तीचा वास होता, आणि त्याखाली बायांच्या ओल्या साड्यांतून येणारा रसायनाचा वास. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या कपाळावर इतक्या वर्षांचं कुंकू होतं, ते एका वाक्याने पुसलं गेलं असतं. मी खाली बघितलं. कुणीतरी म्हणालं, मास्तर आज पाहुण्यांबरोबर गावात होता, हा असता तर असं झालंच नसतं. मी तेही ऐकून घेतलं.

"देवीनं तोंड रंगाडं तू," मोठीमाय नथूला म्हणाली. "आते तुनी मूठ मी लेनार नही."

मला वाटलं होतं, वर्षभरात राग निवळेल. पुढच्या श्रावणात ती सूप पुढे घेऊन बसली. नावं घेत गेली. माझं नाव आलं, मूठ पडली. त्यानंतर तिचा हात गव्हात तसाच थांबला. एक नाव ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग माझ्या मुलाचं नाव आलं. मी बाहेर उठून गेलो. तेव्हापासून जातो आहे. त्या वर्षीचा रोट मी खाल्ला, न खाऊन कसं चालेल, सगळे बघत होते. पण घास गिळताना वाटलं की मी माझ्या वाटचं नाही, त्याच्या वाटचं खातो आहे.

नथूने त्याच सुमारास मिल सोडली आणि कामरेजकडे गेला, एका शेतकऱ्याच्या उसाला पाणी द्यायच्या कामावर. त्याला एक मुलगीच होती. त्याच्या घरी कानबाई बसू लागल्याचं पुढे कानावर आलं. त्या घरात पुरुष तो एकटाच. म्हणजे त्याचा रोट एका मुठीचा. एका मुठीच्या पिठाचं काय होत असेल, किती लहान होत असेल ती पुरणपोळी, हा विचार मला जेवताना भलत्याच वेळी यायचा.

बऱ्याच वर्षांनी, मोठीमाय गेल्यावर आणि सूप माझ्या पत्नीकडे आल्यावर, मी धीर करून कामरेजला गेलो. मनात ठरवलं होतं: सांगायचं, मग त्याला घेऊन यायचं, आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचं. वाटेत बसमध्ये शब्द जुळवत राहिलो, एखाद्या शाळकरी पोराने कविता पाठ करावी तसे. नथू शेतात होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी विसरू शकत नाही. त्याने बायकोला चहा टाकायला पाठवलं, मला विहिरीजवळच्या आंब्याखाली बसवलं आणि पंप सुरू केला. पाटाला पाणी आलं. थंड, बिनरंगी, उन्हात लखलखणारं, मातीचा वास घेऊन धावणारं. "पाय धुय भाऊ," तो म्हणाला. मी पाय पाण्यात सोडले. तळपाय स्वच्छ दिसत होते.

तो शेजारी बसला, गालात हसत. "आठे पानी सोडाले कोनले इचारनं पडत नही."

इथे कुणाला विचारावं लागत नाही, हा टोमणा होता की नुसतं सुख, मला आजही कळलेलं नाही. कदाचित तो माझ्यासाठी दार उघडून धरत होता, त्या संध्याकाळी धरलं होतं तसंच. मी हसलो. उसाच्या भावाचं विचारलं. त्याने माझ्या नातवाचं विचारलं. मी म्हणालो, तो गुजरातीच बोलतो, अहिराणी समजते पण लाजतो. "समजस ना, मंग झायं," नथू म्हणाला. चहा झाला. सावल्या लांबल्या. हमरस्त्यापर्यंत तो मला सोडायला आला, आणि बस लांबून दिसली तेव्हा अचानक म्हणाला, "काही सांगाले उना व्हता का, भाऊ?"

मी म्हणालो, "नही रे. सहजच."

त्याने मान हलवली, माझ्या खांद्यावरची घसरलेली पिशवी नीट केली आणि बसच्या पायरीवर चढताना कोपराला आधार दिला. खिडकीतून पाहिलं तेव्हा तो रस्ता ओलांडून उसाकडे निघालेला होता, पाठमोरा. पुढच्या उन्हाळ्यात तो गेल्याचा निरोप आला. गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत.

देवी अजून आमच्याकडे आहे. डाग इतका फिका झाला आहे की नव्या सुनांना तो नारळाचाच रंग वाटतो. मी पक्का रंग केला असं म्हणायचो. तसा तो पक्का नव्हताच म्हणायचा. आज पुन्हा घरात गव्हाचा वास आहे. आत पत्नी नावं घेते आहे, आणि या खेपेला मी उठलो नाही. माझं नाव आलं, गहू सुपात पडल्याचा आवाज आला. त्यानंतर नेहमीसारखं माझ्या मुलाचं नाव आलं. मधे ती थांबलीसुद्धा नाही. पाणी माझ्या हुकमाने सुटलं हे मी तिला कधी सांगितलं नाही, मग तिला थांबायचं कारण तरी काय. त्या न थांबलेल्या जागेत मी, ओठ न हलवता, कामरेजच्या रस्त्यावर म्हणायचं राहिलेलं म्हणून घेतलं, हिंदीत नाही, आपल्या बोलीत: नथू, वाल्व तू खोला, पन सांगं मी व्हतं. माले माफ कर, भाऊ.